पंधरा दिवसांचे बिऱ्हाड

"इतका पैसा खर्च करून इटलीला जायचं आणि तिथेही कुकरच लावायचा?" आमचा बेत कळल्यावर हा प्रश्न मला निदान दहा जणींनी विचारला. विचारणाऱ्या साऱ्या बायकाच होत्या. पुरुषांनी विमानभाडे, व्हिसा आणि हवामान यांची चौकशी केली; ओट्यापुढे कोण उभे राहणार हे त्यांच्या डोक्यातही आले नाही. बायकांना मात्र तेच सर्वांत आधी सुचले, आणि ते रास्तही आहे. तीस-चाळीस वर्षे रोज दोन्ही वेळा स्वयंपाक केलेल्या बाईला सुट्टी म्हणजे काय वाटते? दुसऱ्या कोणी वाढलेले ताट. ते ताट सोडून सातासमुद्रापलीकडे पुन्हा विळी हातात घेण्यात शहाणपणा कसला?

हा प्रश्न हसून टाळण्यासारखा नाही, म्हणून हा लेख. माझे म्हणणे थोडक्यात असे, की परक्या मुलखात नीट राहायचे असेल, तर हॉटेलच्या खोलीपेक्षा स्वयंपाकघर असलेले शेतावरचे घर चांगले. मात्र माझ्या दोन अटी आहेत. तिथले घरकाम एकटीच्या गळ्यात पडता कामा नये, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्यापर्यंत पोहोचायला जरा वळसा घ्यावा लागेल. ती अशी, की ज्या शेतावरचे ते घर असेल त्या शेतावर शेती चालू असली पाहिजे.

तसे पाहिले तर ही कल्पना आपल्याला नवी नाही. आमच्या आजोबांच्या पिढीत हवापालटाला जाणे म्हणजे लोणावळ्याला नाहीतर पन्हाळ्याला दोन खोल्या घेऊन बिऱ्हाड थाटणे. वळकट्या, स्टोव्ह, पातेली, डाळ-तांदूळ असा सगळा संसार बरोबर निघे. यात्रेला गेलेली माणसे धर्मशाळेच्या ओसरीवर तीन दगडांची चूल मांडत. 'बिऱ्हाड' हा आपला फार चांगला शब्द आहे. त्यात मालकी नाही, पण पाहुणेपणही नाही. चार दिवसांपुरता का होईना, तिथे आपला संसार असतो. इटलीत 'आग्रितुरिझ्मो' म्हणून जे घर मिळते, त्याला मी तरी बिऱ्हाडच म्हणेन.

आमचे बिऱ्हाड सिएना या शहराच्या दक्षिणेला, मोटारीने पंचवीस मिनिटांच्या अंतरावर होते. मी, माझे पती, मुलगी, जावई आणि अकरा वर्षांची नात असे पाच जण. दिवस सप्टेंबरअखेरचे. गहू केव्हाच निघून गेलेला, जमीन नांगरून टाकलेली, आणि त्या चिकणमातीच्या उघड्या टेकड्या दुपारच्या उन्हात राखाडी दिसत. मधूनच सुरूसारखी सरळ वाढलेली सायप्रसची झाडे, उतारावर ऑलिव्हची बाग आणि खडीचा पांढरा रस्ता. कॅलेंडरवर पाहिलेले टस्कनी ते हेच. पण कॅलेंडरमध्ये नांगराची ढेकळे आणि ट्रॅक्टरचा आवाज नसतो. आमच्याकडे दोन्ही होते. सकाळी सात वाजता ट्रॅक्टर सुरू होई, आणि नात उठून खिडकीशी जाई.

प्रवासी कंपन्यांच्या बसने इटली पाहणाऱ्यांची मी टिंगल करणार नाही. वय झालेल्यांना, भाषेचा धसका घेतलेल्यांना आणि दोन वेळच्या वरण-भाताशिवाय न चालणाऱ्यांना तोच मार्ग सोयीचा आहे, आणि त्या मार्गाने हजारो मराठी माणसांनी जग पाहिले आहे. पण त्या प्रवासात सिएनाच्या वाट्याला फार तर अर्धा दिवस येतो. शिंपल्याच्या आकाराचा 'पियाझ्झा देल काम्पो' हा चौक पाहायचा, २ जुलै आणि १६ ऑगस्टला तिथे घोड्यांची 'पालिओ' शर्यत होते हे ऐकायचे, छायाचित्र काढायचे आणि बसमध्ये बसायचे. तिथे आपण सदैव गिऱ्हाईक असतो. गिऱ्हाइकाला किंमत कळते, पण कांदा कुठे मिळतो हे कळण्याची गरज पडत नाही.

घरात राहिले की ती पहिल्याच दिवशी पडते. दुपारी एकच्या सुमारास खेड्यातले दुकान बंद होते ते चार-साडेचारपर्यंत उघडत नाही. रविवारी उघडेल याची खात्री नसते. म्हणजे शनिवारी सकाळीच दूध, अंडी, भाजी यांचा हिशेब करायचा. सिएनात बुधवारी मोठा आठवडी बाजार भरतो, तेव्हा बुधवार आमचा बाजाराचा वार ठरला. भाजीवाल्याच्या ठेल्यावरचे टोमॅटो हाताने दाबून पाहायचे नाहीत; कशाला हवेत ते सांगायचे, तो निवडून देतो. आज खायचे की परवा, असे तो विचारतो आणि त्याप्रमाणे पिकलेले वा कच्चे देतो. मोठ्या दुकानात फळांना हात लावण्याआधी प्लास्टिकचा हातमोजा घालायचा, वजनकाट्यावर फळाचा क्रमांक दाबायचा आणि निघालेली चिठ्ठी पिशवीवर चिकटवायची. हे काम नातीने दुसऱ्या दिवसापासून आपल्याकडे घेतले.

टस्कनीचा पाव अळणी असतो. पहिला घास खाल्ल्यावर माझ्या पतींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण त्या पावाबरोबर मेंढीच्या दुधाचे खारट पेकोरिनो चीज खाल्ले की पाव अळणी का हे जिभेलाच कळते. शिवाय तो शिळा झाला तरी टाकत नाहीत. उन्हाळ्यात भिजवून, पिळून, टोमॅटो-कांदा-काकडी घालून त्याचे 'पान्झानेल्ला' करतात. थंडीत पालेभाज्या आणि घेवड्याच्या दाण्यांच्या रश्शात घालून 'रिबोल्लिता' करतात. रिबोल्लिता म्हणजे पुन्हा उकळलेली. आदल्या दिवशीच्या पोळ्यांचा कुस्करा करून त्याला फोडणी देणाऱ्या आपल्या घरांना हे समजावून सांगावे लागत नाही. गरीब शेतकऱ्याच्या घरात अन्न वाया जात नाही, मग ते घर सिएनाजवळ असो की सिन्नरजवळ. आज मोठ्या हॉटेलांत रिबोल्लिता दिमाखात वाढली जाते. घरी केली की तिची खरी ओळख पटते.

संसाराच्या आणखी काही गोष्टी हॉटेलात कधीच कळल्या नसत्या. इटलीतल्या साध्या घराला बहुधा तीन किलोवॅटचीच वीजजोडणी असते. ओव्हन आणि कपडे धुण्याचे यंत्र एकाच वेळी लावले, की घर अंधारात. त्यामुळे आधी कपडे की आधी बटाटे, यावर रोज सकाळी एक छोटी सभा भरे. कचरा ओला, कागद, काच आणि प्लास्टिक असा वेगळा करायचा, तोही ठरल्या वारी. आणि आपल्या मंडळींना दिलासा देणारी एक गोष्ट: इटलीत न्हाणीघरात धुण्यासाठी पाण्याची सोय म्हणजे 'बिडे' असते, आणि १९७५ पासून घरासाठी ती नियमानेच आवश्यक आहे. युरोपात कागदाने बेजार झालेला भारतीय प्रवासी इटलीत सुखावतो तो याचसाठी.

आता पहिली अट. निघण्यापूर्वीच मी जाहीर केले होते, की इटलीत मी स्वयंपाकीण म्हणून येणार नाही. दिवस वाटून घेतले. मजा अशी, की घरी जे जमत नाही ते तिथे जमले. घरच्या स्वयंपाकघरात डब्यांच्या जागा माझ्या, तेलाचा अंदाज माझा, आणि 'राहू दे, मीच करते' हे वाक्यही माझे. तिथले डबे कोणाचेच नव्हते. मीठ कुठे आहे ते मलाही शोधावे लागे आणि जावयांनाही. पतींनी मोका नावाच्या त्या अष्टकोनी भांड्यात कॉफी करण्याचे काम पत्करले आणि अखेरपर्यंत सोडले नाही. जावई 'पिची' करायला शिकले. पिची म्हणजे कणीक-पाण्याच्या गोळ्याचे हाताने वळलेले जाडसर शेवयांसारखे लांब दोरे. ही सिएनाकडची खासियत. माझ्या वाट्याला पंधरा दिवसांत चार रात्रींचा स्वयंपाक आला. त्यातल्या एका रात्री मी छोले केले, कारण हरभरा तिथेही भरपूर मिळतो. तेव्हा मैत्रिणींना माझे उत्तर असे: घरी जो स्वयंपाक एकटीचा होऊन बसला आहे, तो पुन्हा साऱ्यांचा करण्याची संधी परक्या स्वयंपाकघरात मिळते. ती घेणार नसाल, तर मात्र हॉटेलातच उतरा.

हिशेबाचे थोडे सांगते, बँकेतली सवय जात नाही. हॉटेलचे भाडे डोक्यांवर किंवा खोल्यांवर असते, शेतघराचे बहुधा घरावर, आणि आठवड्याने. पाच-सहा माणसांचे कुटुंब असेल तर ते परवडते. दोघांनाच जायचे असेल तर फारसा फरक पडत नाही. मात्र भाड्याच्या खालच्या बारीक अक्षरांतले वाचावे. अखेरच्या साफसफाईचे पैसे वेगळे असू शकतात, अनामत ठेवावी लागते, थंडीत घर तापवण्याचा खर्च मीटरप्रमाणे पडतो, आणि अनेक गावांत दर माणशी दर रात्रीचा पर्यटक कर द्यावा लागतो. मोटारीवाचून अशा घरात राहणे अवघड. त्यासाठी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवा. गुडघ्यांचे दुखणे असेल तर जिन्याची चौकशी आधी करावी, कारण या घरांचा जिना पुष्कळदा बाहेरून आणि दगडी असतो.

तो जिना बाहेरून का, याचे उत्तर शोधताना मी दुसऱ्या अटीपाशी पोहोचले.

आमच्या घराचा खालचा मजला म्हणजे एके काळचा गोठा. कमानीखाली गव्हाणीची जागा अजून दिसते. वर माणसे राहत, खाली बैल. जनावरांची ऊब थंडीत वर चढे. मध्ये मोठे स्वयंपाकघर आणि भिंतीत माणूस उभा राहील एवढी शेगडी. या घरात राहणारे कुटुंब घराचे मालक नव्हते. 'मेझ्झाद्रिया' या पद्धतीने ते जमीन कसत. मेझ्झो म्हणजे अर्धा. जमीन आणि घर जमीनदाराचे, श्रम कुटुंबाचे, पीक निम्मे निम्मे. आपल्याकडे अर्धेलीने किंवा बटाईने जमीन कसायला देतात, तसेच. टस्कनीत ही पद्धत शतकानुशतके चालली. करार कुटुंबप्रमुखाशी असे. घरात लग्न करायचे तर मालकाची संमती लागे, कारण खाणारी तोंडे आणि कसणारे हात यांचा मेळ त्याला हवा असे. त्याने नोटीस दिली की घर सोडायचे. घरातला कारभार वडीलधाऱ्या बाईकडे असे; स्वयंपाक, कोंबड्या, अंडी हे तिचे राज्य.

दुसऱ्या महायुद्धानंतर पन्नास-साठच्या दशकांत ही माणसे शेते सोडून शहरांत, कारखान्यांत गेली. १९६४ च्या कायद्याने नवे मेझ्झाद्रिया करार करायला बंदी झाली, १९८२ च्या कायद्याने उरलेले करार खंडात बदलण्याची वाट मोकळी केली. पण तोवर पुष्कळशी घरे ओस पडली होती. इथे मला आपली आठवण होणे स्वाभाविक होते. आपल्याकडे १९४८ चा कूळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. अंमलबजावणीत काय काय झाले ते खेड्यात वाढलेल्यांना ठाऊक आहे, तरीही कोकणात-देशावर लाखो घरांना त्या कायद्याने सातबारा मिळाला. टस्कनीत काहींनी कर्ज काढून जमिनी घेतल्या, पण फार मोठ्या संख्येने माणसे निघून गेली. त्यांची घरे मागाहून रोम-मिलानच्या श्रीमंतांनी आणि इंग्रज-जर्मनांनी विकत घेतली. सिएनाच्या उत्तरेकडचा किआंती हा द्राक्षांचा मुलूख इंग्रजांनी इतका भरून गेला, की त्याला थट्टेने 'किआंतीशायर' म्हणू लागले. गोठ्याचा दिवाणखाना झाला, खळ्याच्या जागी पोहण्याचा तलाव आला.

म्हणजे ज्या निवांतपणासाठी आपण तिथे जातो, तो कोणाच्या तरी निघून जाण्यातून आलेला असतो. हे कळल्यावर सुट्टी खराब होते असे नाही. पण आपण भाडे कोणाला देतो आणि त्या भाड्याने काय टिकते, हा प्रश्न विचारावासा वाटतो.

इटलीच्या सरकारने तो कायद्यातच विचारला आहे. ५ डिसेंबर १९८५ चा कायदा आणि त्याची जागा घेणारा २० फेब्रुवारी २००६ चा कायदा यांनी आग्रितुरिझ्मो म्हणजे काय हे ठरवून दिले. पाहुणे ठेवणारा शेतकरी असला पाहिजे. शेती हा त्याचा मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे, पाहुणचार हा तिला जोडलेला. मुख्य कोणते हे ठरवताना कोणत्या कामाला किती वेळ लागतो हे पाहिले जाते. निकष प्रांतवार ठरतात. दहापर्यंतच पाहुणे असतील, तर शेतीच मुख्य मानली जाते. आणि सर्वांत शहाणपणाची तरतूद अशी, की पाहुण्यांसाठी शेतावरच्या मूळच्या इमारती वापरायच्या. पडका गोठा दुरुस्त करा, कोठाराच्या खोल्या करा. पण नांगरट मोडून त्यावर नवी इमारत उठवायची ही वाट नव्हे.

नोकरीतली सहा वर्षे मी ग्रामीण शाखेत पीककर्जाचे काम केले. कर्जाचा अर्ज आला की आम्ही एक प्रश्न विचारायचो: मुख्य उत्पन्न कोणते आणि पूरक कोणते? दुभत्या म्हशीने, कोंबड्यांनी, पिठाच्या गिरणीने कितीतरी शेतकरी पडत्या वर्षात तगलेले मी पाहिले आहेत. पूरक उत्पन्नाचे काम मुख्य धंद्याला हात देण्याचे असते. पूरक तेच मुख्य झाले, की काही वर्षांत शेत नावालाच उरते. इटलीच्या कायद्यात मला बँकेच्या अर्जातला तोच रकाना दिसला. तिथेही पळवाटा शोधणारे असतील. पण निदान रेघ कुठे आहे हे कागदावर लिहिलेले आहे.

आमच्या घरमालकीणबाई साठीच्या आसपासच्या, माझ्याच वयाच्या. गहू, हरभरा आणि ऑलिव्ह हे त्यांचे उत्पन्न. दोन घरे भाड्याला. माझ्या मुलीला कामापुरती इटालियन येते, तिच्या मार्फत आमच्या गप्पा चालत. मी विचारले, पाहुण्यांचा त्रास होत नाही का? त्या म्हणाल्या, पाहुणे नसते तर मुलगा शेतावर राहिला नसता. आणि शेत नसते तर पाहुण्यांना दाखवायला काय होते? मग त्यांनीच सांगितले, की ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑलिव्ह उतरवायला लागले की त्या एका घराचे आरक्षण बंद ठेवतात. कामाला आलेल्या नातेवाइकांना ते लागते. पैसे देणाऱ्या पाहुण्याला नाही म्हणणारी ती बाई मला फार आवडली.

शहराने खेड्याकडे कसे पाहावे, याचे चित्र सिएनाच्या लोकांनी सुमारे सातशे वर्षांपूर्वी आपल्या नगरभवनात काढून ठेवले आहे. अम्ब्रोजो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने १३३८-३९ मध्ये 'पलाझ्झो पुब्लिको'तल्या एका दालनाच्या तीन भिंती रंगवल्या. सिएनाचा कारभार तेव्हा नऊ जणांच्या मंडळाकडे होता. ते नऊ जण ज्या दालनात बसत तिथे त्यांच्या डोळ्यांसमोर चांगला राज्यकारभार आणि वाईट राज्यकारभार अशी दोन्ही चित्रे असत. चांगल्या कारभाराच्या भिंतीवर अर्धे शहर आहे आणि अर्धे खेडे. मध्ये तटाचा दरवाजा, तो उघडा आहे. शहरातून घोडेस्वार शिकारीला बाहेर पडत आहेत. खेड्यातून लादलेली जनावरे आणि एक पट्ट्याचे डुक्कर आत येत आहे. पलीकडे नांगरणी, पेरणी, कापणी, झोडपणी एकाच वेळी चाललेली. समोरच्या भिंतीवर जुलमी कारभार आहे. तिथे शहरात खून-दरोडे आहेत आणि शेते उजाड आहेत. ही चित्रे मी पुस्तकात पाहिली होती. पण सकाळी त्याच टेकड्यांतून मोटार चालवत शहराच्या वेशीशी आलो, गाडी बाहेर ठेवून पायी आत शिरलो आणि मग ती भिंत पाहिली, तेव्हा ती मला आमच्या घराच्या रस्त्याचा नकाशा वाटली.

त्याच शहरात जगातली सर्वांत जुनी, आजही चालू असलेली बँक आहे. 'मोंते देई पास्की दी सिएना' १४७२ मध्ये स्थापन झाली, गरिबांना सावकारी पाशातून सोडवणारे कर्ज द्यावे म्हणून. तिच्या नावातला 'पास्की' म्हणजे गायराने. १६२४ मध्ये तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकने ठेवीदारांच्या पैशाला मारेम्मा भागातल्या सरकारी गायरानांच्या उत्पन्नाची हमी दिली, तेव्हापासून हे नाव. ज्या बँकेच्या ठेवींमागे गवत उभे होते, ती अलीकडे मोठ्या व्यवहारांत अडचणीत आली आणि २०१७ मध्ये सरकारला तिच्यात भांडवल घालून वाचवावे लागले. आयुष्य बँकेत काढलेल्या मला त्या इमारतीपुढे उभे राहताना गवताचीच आठवण झाली. शहराची पत शेवटी रानातून येते.

बिऱ्हाड केल्याने आणखी एक गोष्ट साधली. एके दिवशी आम्ही दोन तास मोटार चालवत शेजारच्या उम्ब्रिया प्रांतातल्या मोंतोने या छोट्या गावी गेलो. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतून १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढले. तुकडीतले साथी मशिनगनच्या माऱ्यात पडल्यावर ते एकटे शत्रूच्या मोर्चावर धावून गेले, तो जिंकला आणि तिथेच धारातीर्थी पडले. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले आहे. त्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही. आपल्या खेड्यांतून गेलेली शेतकऱ्यांची मुले तिथल्या शेतकऱ्यांच्या उतारांवरून पुढे सरकत होती. भाताच्या खाचरांतून आलेल्या त्या तरुणांना ऑलिव्हच्या बागा कशा दिसल्या असतील, असे मनात आले. बसच्या वेळापत्रकात मोंतोने नसते.

आता थोडे आपल्याविषयी, कारण हे सारे सिएनापुरते नाही. महाराष्ट्र सरकारचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. शेतावर हुरडा खायला, आंबे उतरवायला, भात लावायला शहरातली कुटुंबे जातात. शेतकऱ्याच्या हातात दोन पैसे अधिक येतात ते स्वागतार्हच आहे. पण कोकणात रस्त्याने जाताना जांभ्या दगडाचे नवे बंगले आणि त्यांच्या फाटकांवरच्या पाट्या पाहिल्या, की किआंतीची आठवण येते. जमीन विकून मुंबईला आलेल्याचा मुलगा त्याच जमिनीवरच्या बंगल्यात पैसे भरून शनिवार-रविवार राहतो, अशी वेळ आपल्याकडे यायला फार दिवस लागणार नाहीत. इटलीला पहिला धडा माणसे निघून गेल्यावर मिळाला. आपली पुष्कळशी माणसे अजून शेतावर आहेत. 'शेती आधी, पाहुणा नंतर' आणि 'बांधकाम जुन्याच घरात' ही दोन सूत्रे आपण आत्ताच घट्ट धरली, तर आपल्याला त्या वाटेने जावे लागणार नाही.

सरकार काय करायचे ते करील. तोवर गिऱ्हाईक म्हणून आपल्या हातात एक गोष्ट आहे, ती म्हणजे चौकशी. घर नक्की करण्यापूर्वी, मग ते सिएनाजवळचे असो की सिंधुदुर्गातले, चार प्रश्न विचारावेत. या शेतावर काय पिकते? ते कोण पिकवते? ती माणसे इथेच राहतात का? आणि त्यांच्याकडून मला काय विकत घेता येईल? उत्तरे अडखळत आली, तर ते शेतघर नाही, शेतात बांधलेले हॉटेल आहे असे समजावे.

आणि घर मिळाले, तर पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात सर्वांनी मिळून जावे. मीठ कुठे आहे ते सर्वांना ठाऊक असू द्यावे.